पर्जन्याच्या बेरजेची दुरुस्ती : नाशिक जिल्ह्यातील पाऊसनोंदींचा इतिहासाचे साधन म्हणून विचार

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासावरील प्रबंध उघडला की पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात पर्जन्याचा एक तक्ता हमखास आढळतो. वर्ष, तालुका आणि पाऊस असे तीन रकाने असतात आणि त्यांच्या आधारे पुढे पिकांचा, कर्जबाजारीपणाचा, स्थलांतराचा व दुष्काळाचा अर्थ लावला जातो. बखरीतील विधानाला आपण समकालीन पत्राची जोड मागतो. कैफियतीत दिलेली फौजेची संख्या फुगवलेली असू शकते, हे गृहीत धरतो. पर्जन्यतक्त्यापुढे मात्र ही चिकित्सक बुद्धी थबकते. तो आकडा जणू आभाळातूनच पडला आहे, अशा श्रद्धेने आपण तो उतरवून घेतो.

वस्तुतः वर्षाच्या पावसाची बेरीज हा एक दस्तऐवज आहे. कोणीतरी नरसाळ्याखालचे पाणी मोजपात्रात ओतले, कोणीतरी वाचलेला आकडा वहीत लिहिला, दुसऱ्याने तो मासिक पत्रकात उतरवला, तिसऱ्याने बेरीज केली आणि पुष्कळदा चौथ्याने, अनेक वर्षांनी, ती बेरीज दुरुस्त केली. ही शेवटची क्रिया, म्हणजे दुरुस्ती, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. दुरुस्ती टाळता येत नाही. परंतु मूळ आकडा पुसून केलेली दुरुस्ती पुढच्या अभ्यासकाचे साधनच नष्ट करते, असे येथे मांडावयाचे आहे. विवेचनासाठी नाशिक जिल्हा घेतला आहे, कारण शेजारच्या केंद्रावरून चुकीचा आकडा ओळखण्याची जी सर्वमान्य पद्धत आहे, तिची खरी कसोटी या जिल्ह्यात लागते.

पाऊस आणि कोठार

पाऊस मोजण्याची गरज प्रथम कोणाला भासली, याचे उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मिळते. एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावे, असा आदेश तेथे आहे आणि तो कोष्ठागाराच्या संदर्भात येतो. पर्जन्यमापक धान्याच्या सरकारी कोठाराशी बांधला गेला, ही गोष्ट पुढील दोन हजार वर्षांच्या दृष्टीने फार सूचक आहे. याच ग्रंथात कृषीविषयक प्रकरणात निरनिराळ्या प्रदेशांचा पाऊस द्रोण या मापात दिला आहे : जांगल प्रदेशात १६, अनूप म्हणजे पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अश्मकात साडेतेरा, अवंतीत २३. द्रोण म्हणजे नेमके किती मिलिमीटर, यावर मतभेद आहेत. पण गुणोत्तराला एककाची गरज लागत नाही. अश्मकाचा पाऊस अवंतीच्या सुमारे ५९ टक्के, एवढे त्यातून निश्चितपणे निघते. अपरान्ताचा, म्हणजे सह्याद्रीपलीकडच्या कोकणपट्टीचा, पाऊस मात्र 'अमित' म्हणून सोडून दिला आहे. मापाच्या पलीकडे गेलेल्या पावसाला ओढूनताणून आकडा न देण्याचा हा प्रामाणिकपणा नंतरच्या सर्वच कारकुनांनी दाखवला असे नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही एक हात रुंदीच्या भांड्याने पाऊस मोजून ५० पलांचा एक आढक धरण्याची रीत सांगितली आहे.

इंग्रजी अमलात ही परंपरा नव्या यंत्रांसह, पण जुन्याच प्रयोजनाने पुढे आली. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. गणितज्ञ केरूनाना छत्रे यांच्या कारकिर्दीचा आरंभ तेथेच झाला. कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील आपली निरीक्षणे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ साली आणि पुढे १८५० साली विस्ताराने प्रसिद्ध केली. दरम्यान १८४७ च्या 'जॉइंट रिपोर्ट'ने जमीन महसुलाच्या पाहणीची तत्त्वे निश्चित केली. गावांचे गट पाडून कमाल दर ठरवताना बाजारपेठेचे अंतर आणि शेतीची स्थिती यांच्याबरोबर हवामानही विचारात घ्यावे, असे त्यात ठरले. पाऊस अशा रीतीने साऱ्याच्या दरात शिरला.

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. कुलाब्याचे चार्ल्स चेंबर्स यांचा मुंबई इलाख्याच्या हवामानावरील ग्रंथ १८७८ मध्ये आला. या दोन वर्षांच्या मध्येच १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ पडला आणि त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली सादर झाला. तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापकाला या दशकापासून जे महत्त्व आले, ते हवामानशास्त्राइतकेच मदतकार्याच्या हिशेबामुळे आले. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेला नाशिकचा गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जिल्ह्याच्या जुन्या पावसासाठी अभ्यासक आजही प्रथम त्याच्याकडेच वळतात. त्यातील आकडे इंचात आहेत, स्वातंत्र्योत्तर गॅझेटियरमधील मिलिमीटरमध्ये. दोन्हींमधून एकच तक्ता तयार करणाऱ्याला वाटते की केवळ २५.४ ने गुणले की काम झाले. अडचणी खऱ्या तेथूनच सुरू होतात.

भांड्याचे दोष

पर्जन्यमापक कोठे ठेवला यावर पाऊस बदलतो, ही गोष्ट पहिल्यांदा नीट सिद्ध केली ती विल्यम हेबरडेन या लंडनच्या वैद्याने. त्याचा निबंध १७६९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याने एकाच परिसरात तीन भांडी ठेवली होती : एक जमिनीलगत, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मनोऱ्यावर. वर्षभराच्या बेरजा अनुक्रमे २२.६, १८.१ आणि १२.१ इंच आल्या. एकाच आभाळाखाली, एकाच वर्षी, मनोऱ्यावर जमिनीच्या जवळजवळ निम्माच पाऊस! पाण्याचे थेंब खाली येताना वाढतात काय, यासारखे तर्क त्यानंतर बराच काळ चालले. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६१ साली त्याचे कारण वाऱ्यात दाखवले. उंचावर वारा जोराचा असतो, भांड्याला अडून तो वर उसळतो आणि नरसाळ्यात पडणारे थेंब पलीकडे वाहून नेतो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना जेव्हन्स सीमांत उपयोगितेच्या सिद्धांतामुळे माहीत असतात. पावसाच्या इतिहासातही त्यांचे ऋण आहे.

याच सुमारास, १८६० पासून, इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी हौशी निरीक्षकांची एक संघटना बांधली. धर्मोपदेशक, जमीनदार, डॉक्टर आपापल्या बागेत पर्जन्यमापक ठेवून दररोज नोंद करीत आणि सायमन्स त्या नोंदी तपासून वार्षिक अंकात छापीत. आज घरोघरी बसणाऱ्या हवामान-केंद्रांचे पूर्वज ते हेच. सायमन्स यांच्या नावाचा पाच इंच व्यासाचा पर्जन्यमापक भारतात रूढ झाला. त्याचा काठ जमिनीपासून एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, उंच असावा आणि भोवतालच्या झाडाचे वा भिंतीचे अंतर त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट असावे, असा दंडक आहे.

आता तालुका कचेरीचे आवार डोळ्यांपुढे आणावे. पर्जन्यमापक बसवला तेव्हा मोकळे असलेले आवार तीस वर्षांत तसेच राहत नाही. कडुनिंब वाढतो, नवी इमारत उठते, कंपाउंडची भिंत उंच होते. यंत्र तेच, जागा तीच, नोंद करणाराही प्रामाणिक. तरीही पाऊस 'कमी' होऊ लागतो. हे तक्त्यात पाहणाऱ्याला मात्र हवामान बदलल्यासारखे वाटते.

उंचीमुळे किंवा आडोशामुळे येणारी तूट एका ठरावीक गुणकाने भरून काढता येत नाही, हे येथे ठासून सांगितले पाहिजे. हेबरडेनच्या छपरावर जमिनीच्या ८० टक्के पाऊस मोजला गेला, म्हणून नाशिकच्या एखाद्या गच्चीवरील आकड्याला १.२५ ने गुणणे अशास्त्रीय ठरेल. तूट वाऱ्यावर अवलंबून असते. जुलैतील पश्चिमेचा झोंबरा वारा आणि सप्टेंबरातील संध्याकाळचा थेट कोसळणारा वळीव यांत ती वेगवेगळी येणार.

याउलट दुसऱ्या प्रकारचा दोष पूर्णपणे दुरुस्त होण्याजोगा असतो. प्रत्येक पर्जन्यमापकाचे मोजपात्र त्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळानुसार आखलेले असते. पाच इंची सायमन्स यंत्राचे तोंड सुमारे १२६.७ चौरस सेंटिमीटरचे. त्याच्यानंतर आलेल्या फायबरग्लासच्या यंत्राचे २०० चौरस सेंटिमीटरचे. पहिल्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १२.६७ मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात २०. जुन्या यंत्राचे मोजपात्र फुटले आणि त्याच्या जागी नव्या यंत्राचे आणले, तर प्रत्येक नोंद खऱ्या पावसाच्या ६३ टक्के येईल. तसेच २०० चौरस सेंटिमीटरच्या यंत्राला १०० चौरस सेंटिमीटरचे पात्र वापरले, तर पाऊस नेमका दुप्पट होईल. पात्र केव्हा बदलले याची तारीख सापडली, की ही दुरुस्ती अंकगणिताची राहते. ही तारीख पर्जन्याच्या वहीत बहुधा नसते. ती जडसंग्रह नोंदवहीत, दुरुस्तीच्या बिलात किंवा तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यात असते. हे कागद निरुपयोगी म्हणून आधी रद्दीत जातात, हे आपल्या दप्तरखान्यांचे दुर्दैव.

नोंदवहीचे दोष

पाणी बरोबर मोजले गेले तरी ते लिहिताना आणि उतरवताना जे घडते, ते इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक परिचयाचे आहे. जुन्या नोंदी इंच आणि सेंटमध्ये असत. सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. '२-५' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दोन इंच पाच सेंट, म्हणजे २.०५ इंच किंवा ५२.१ मिलिमीटर. वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि मिलिमीटर रूढ झाले. या पद्धतीवर वाढलेला नकलकार तीच नोंद २.५ इंच वाचतो आणि ६३.५ मिलिमीटर लिहितो. एका दिवसात ११.४ मिलिमीटरचा पाऊस वहीवर पडला, जमिनीवर नाही! एक ते नऊ सेंटच्या प्रत्येक नोंदीत ही शक्यता असल्यामुळे चूक नेहमी वाढीच्याच दिशेने होते आणि वार्षिक बेरजेत साठत जाते.

तारखेचा घोळ याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागील २४ तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेवर लिहितात. त्यामुळे सोमवारी दिवसभर पडलेला पाऊस वहीत मंगळवारी दिसतो. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस लोकस्मृतीत त्याच तारखेने राहिला आहे. सांताक्रूझ येथील ९४४ मिलिमीटरची ती नोंद मात्र २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांची आहे. वर्तमानपत्र आणि पर्जन्यवही समोरासमोर ठेवणाऱ्या अभ्यासकाने या एका दिवसाच्या अंतराला 'विसंगती' समजून वही 'दुरुस्त' केली, तर बरोबर असलेली नोंद तो बिघडवतो. ३० जूनला दिवसा पडलेला पाऊस जुलैच्या खात्यात जातो, हेही याच नियमाने.

सरकारी भाषेतला 'निरंक' हा शब्द येथे कळीचा आहे. पाऊस पडला नाही, म्हणजे निरंक. परंतु मोजणीच झाली नाही, तर काय लिहायचे? काही वह्यांत आडवी रेघ, काहींत मोकळी जागा, काहींत रेघ दोन्ही अर्थांनी. मूळ वहीत हे निदान शाईच्या रंगावरून, हस्ताक्षरावरून, रजेच्या नोंदींवरून ताडता येते. संगणकात भरताना मोकळ्या जागेत शून्य पडले की तो मार्ग बंद होतो. कर्मचारी आठ दिवस आजारी होता, या घटनेचे रूपांतर आठ दिवसांच्या कोरड्या खंडात होते. पावसातील खंड हा आजच्या दुष्काळ-निकषांचा एक घटक आहे, हे लक्षात घेतले तर या शून्याचे वजन कळते.

साचलेली नोंद हा आणखी एक प्रकार. सुट्टीत भांडे कोणी पाहिले नाही आणि सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकदम मोजले गेले. सोमवारी ७० मिलिमीटर दिसतात, तेव्हा ती अतिवृष्टी वाटते. प्रत्यक्षात पस्तीस-पस्तीसचे दोन बरे दिवस असू शकतील. अशा वेळी महिन्याची बेरीज खरी असते आणि रोजनोंद खोटी. याच्या उलट, रोजनोंदी बरोबर पण पान उलटताना मागील बेरीज चुकीची पुढे ओढली, असेही घडते. म्हणून जुना तक्ता हाती येताच प्रथम रोजच्या नोंदींची स्वतः बेरीज करून छापील बेरजेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या नाहीत तर घाईने कोणतीही एक बदलू नये. कोणत्या आकड्यावर कोणता निर्णय घेतला गेला, हा इतिहासाचा स्वतंत्र प्रश्न आहे. चुकीच्या बेरजेवर तहसुलीची सूट नाकारली गेली असेल, तर त्या गावापुरता तो चुकीचा आकडाच ऐतिहासिक सत्य ठरतो. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात वाद पावसाचा नव्हता, पिकाच्या आणेवारीचा होता. पण एखादा आणा इकडे की तिकडे यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून होती आणि सरकारी आकडा व शेतकऱ्यांचा आकडा वेगळे होते, हे तेथेही दिसते.

शेजाऱ्याची साक्ष

एका केंद्राचा आकडा संशयास्पद वाटला, तर भोवतालच्या केंद्रांना साक्षीला बोलवावे, हा जलविज्ञानातील नियम इतिहासकाराला अपरिचित नाही. आपण दोन बखरी ताडून पाहतो तसाच तो आहे. यासाठी 'दुहेरी संचय वक्र' ही पद्धत वापरतात. संशयित केंद्राच्या पावसाची वर्षागणिक वाढत जाणारी बेरीज एका अक्षावर आणि शेजारच्या अनेक केंद्रांच्या सरासरीची तशीच बेरीज दुसऱ्या अक्षावर मांडायची. सर्व ठीक असेल तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. रेषा एखाद्या वर्षी मोडली आणि पुढे वेगळ्या उताराने गेली, तर त्या वर्षी यंत्र, जागा किंवा मोजण्याची रीत बदलली असावी. समजा, मोडण्यापूर्वीचा उतार १.०० आणि नंतरचा ०.८० आहे, तर नंतरच्या नोंदींना १.२५ ने गुणून त्या जुन्या परिस्थितीशी जुळवता येतात आणि ४८० मिलिमीटरचे ६०० होतात. आकडे अर्थातच उदाहरणादाखल.

येथे मघाच्या विधानाशी विरोध दिसेल. गच्चीवरच्या पावसाला १.२५ ने गुणू नये असे म्हटले आणि येथे त्याच गुणकाने गुणले. फरक असा की हा गुणक त्या केंद्राच्याच अनेक वर्षांच्या नोंदींतून काढलेला आहे, लंडनच्या छपरावरून उसना आणलेला नाही. आणि तो वार्षिक बेरजांसाठी आहे, एकेका दिवसासाठी नाही. शिवाय रेषा का मोडली याचा कागदोपत्री पुरावा मिळाल्याखेरीज तो वापरू नये. आलेख फक्त 'कधी' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही.

नाशिक जिल्ह्यात ही पद्धत वापरताना फार सावध राहावे लागते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्र्यंबकेश्वर आणि पेठ दोन हजारांवर. इगतपुरीपासून अवघ्या ४५ किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास उतरतो आणि पूर्वेकडे येवला, मालेगावला पाचशेच्या घरात येतो. एकाच जिल्ह्यात सहा पटींचा फरक. त्यात उतार सरळ नाही. ब्रह्मगिरीच्या अलीकडचे गाव आणि पलीकडचे गाव यांचे आभाळ वेगळे. सिन्नर तालुक्यातील एखाद्या केंद्राची तुटलेली नोंद भरण्यासाठी इगतपुरीला साक्षीदार केले, केवळ अंतर कमी म्हणून, तर उत्तर विपरीत येईल. तेथे निफाड किंवा कोपरगावची साक्ष अधिक भरवशाची. आकड्यांऐवजी सरासरीशी असलेले प्रमाण घेऊन हा दोष काही अंशी कमी करता येतो, पण घाटमाथ्यावर भरभरून बरसणारा पाऊस पठारावर त्याच दिवशी तितक्याच प्रमाणात बरसतो असे नाही. घाटावरचा पाऊस मोसमी वाऱ्यांचा. पूर्वेकडील तालुक्यांच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वळिवांचा वाटा मोठा. साक्षीदार नुसता जवळचा असून चालत नाही, तो त्याच पावसाचा असावा लागतो.

शेजाऱ्याच्या साक्षीची मर्यादा सर्वांत स्पष्ट दाखवली ती पुन्हा २००५ च्या मुंबईनेच. ज्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच काळात सुमारे २५ किलोमीटरवरील कुलाब्याला ७३ मिलिमीटर झाला. कोणत्याही यांत्रिक छाननीने यांपैकी एक नोंद चुकीची म्हणून बाजूला काढली असती. हजारो घरांत शिरलेले पाणी साक्षीला नसते आणि हीच नोंद शंभर वर्षांपूर्वीच्या वहीत सापडली असती, तर आपणही तिच्यातील दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकवून ती ९४.४ केली असती आणि दुरुस्तीबद्दल समाधान मानले असते. म्हणून अविश्वसनीय वाटणाऱ्या नोंदीसाठी नदीची, पुलाची, रेल्वेची, न्यायालयीन दाव्यांची साक्ष शोधावी लागते. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. पाणी गुडघ्याला लागले की कमरेला, ही भाषा शहरात सर्वांना कळते. अशा खुणा मिलिमीटर सांगत नाहीत, पण वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झालाच होता, हे नाकारूही देत नाहीत. अर्थात गंगापूर धरण झाल्यानंतर पुराची ही साक्षही बदलली. मारुतीपर्यंत येणारे पाणी आता पावसाइतकेच विसर्गाच्या निर्णयावर अवलंबून असते.

नाशिक हे या छाननीचे केवळ उदाहरण नाही, स्थानही आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'मेरी', येथे १९५९ पासून आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात राज्याच्या भूपृष्ठजलाची व पावसाची माहिती साठवून तपासण्याचे काम नाशिकमधून चालले. जुन्या वह्यांतील नोंदी संगणकात भरणे, शेजारच्या केंद्रांशी ताडणे, संशयित नोंदींवर खूण करणे ही कामे त्यात होती. खूण करणे आणि नोंद बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे तत्त्व या पद्धतीच्या मुळाशी आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी ते पाठभेदांच्या चर्चेतून कधीच आत्मसात केले आहे. संहिता एक ठेवायची आणि पाठभेद तळटीपेत द्यायचे. संख्येच्या बाबतीत आपण तो शिरस्ता पाळत नाही, एवढेच.

पासष्ट मिलिमीटर

हा विषय जुन्या वह्यांपुरता राहिलेला नाही. राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी धरून पीकनुकसानीच्या मदतीचा विचार होतो. द्राक्ष, डाळिंब यांसारख्या फळपिकांचा हवामानाधारित विमाही अशाच नोंदींवर चालतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि कांदा अवकाळी पावसाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा मंडळाच्या केंद्रावर किती पाऊस दिसतो हा प्रश्न गावोगावी चर्चेचा होता.

या केंद्रांत व घरगुती हवामान-केंद्रांत बहुधा हेलकावणाऱ्या पात्राचा पर्जन्यमापक असतो. नरसाळ्यातून आलेले पाणी एका छोट्या पात्रात साठते, ते भरले की पात्र कलंडते, दुसरे पात्र वर येते आणि एक टीप मोजली जाते. एका टिपेला ०.२ मिलिमीटर धरले, तर ६५ मिलिमीटर म्हणजे ३२५ टिपा. पात्र कलंडत असतानाच्या क्षणी पडणारे पाणी वाया जाते. रिमझिमीत हा तोटा नगण्य असतो. पाऊस मुसळधार झाला की टिपा भराभर पडतात आणि तोटा वाढतो. म्हणजे हे यंत्र नेमके तेव्हाच कमी सांगते, जेव्हा ६५ च्या अलीकडे की पलीकडे हा प्रश्न उभा असतो. समजा, तूट पाच टक्क्यांची असेल, तर खरे ६६ मिलिमीटर ६२.७ दिसतील आणि शेतकरी निकषाबाहेर जाईल.

अलीकडे पुष्कळ बागायतदारांनी व शहरातील हौशी मंडळींनी स्वतःची केंद्रे बसवली आहेत. त्यांच्या नोंदींना उद्या ऐतिहासिक साधनाचे मोल येणार आहे, म्हणून त्यांच्या दुरुस्तीची रीत येथे देणे अप्रस्तुत ठरणार नाही. नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ०.२ मिलिमीटरच्या एका टिपेला ४ मिलिलिटर पाणी लागते. बारीक छिद्राच्या डब्यातून ४०० मिलिलिटर पाणी सावकाश सोडावे. १०० टिपा पडायला हव्यात. ९२ पडल्या तर गुणक १.०८७ येतो. तो यंत्राच्या खालच्या स्क्रूने साधावा किंवा संगणकातील गुणकाने. दोन्हीकडे केला तर दुरुस्तीचीच चूक होते. मात्र सावकाश ओतून काढलेला हा गुणक मुसळधार पावसातील तूट भरून काढत नाही. त्यासाठी शेजारी साधा सायमन्स पर्जन्यमापक ठेवून दोन्हींच्या रोजच्या नोंदी ताडाव्या लागतात.

मग मागील नोंदींचे काय, हा खरा ऐतिहासिक प्रश्न उरतो. यंत्र आज आठ टक्के कमी सांगते, म्हणून तीन वर्षांच्या सर्व नोंदींना १.०८७ ने गुणायचे काय? नरसाळ्यात कोळ्याचे जाळे गेल्या महिन्यात झाले असेल, तर आधीची जवळजवळ तीन वर्षे विनाकारण वाढवली जातील. येथेही दुहेरी संचय वक्रानेच शोध घ्यावा लागतो. याउलट यंत्र पुसताना पात्र हलून पडलेल्या खोट्या टिपा त्या दिवसाच्या नोंदीतून वजा करता येतात; पण महिन्याची आणि वर्षाची बेरीज वेगळी साठवणाऱ्या यंत्रात त्या तेथून आपोआप जात नाहीत. कोरड्या फेब्रुवारीत ४ मिलिमीटर पाऊस दाखवणारी वार्षिक बेरीज अशीच तयार होते. मामलेदार कचेरीतील कारकुनाने पान उलटताना केलेली चूक आता यंत्र करते.

तक्त्यातील 'सरासरीच्या टक्केवारी'विषयीही हेच म्हणता येईल. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१-२००० या काळावरून ८९ सेंटिमीटर होती, १९६१-२०१० वरून ८८ आणि १९७१-२०२० वरून ८७. तालुक्यांच्या सरासरीही अशाच नव्याने ठरतात. पाऊस तेवढाच राहून टक्केवारी सुधारते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात नाशिकचे मालेगाव, सिन्नर व येवला होते. त्या यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यांचा अभ्यास करणाऱ्याने कोणत्या काळाची सरासरी वापरली, हे तक्त्याखाली लिहिले नाही, तर पुढील पिढीला ती तुलना तपासता येणार नाही.

अनेक महाविद्यालयांच्या भूगोल विभागांजवळ पर्जन्यमापक आहे आणि नोंद ठेवणारे विद्यार्थी दर तीन वर्षांनी बदलतात. तेथील वहीत मूळ नोंद, दुरुस्त नोंद, दुरुस्तीचे कारण, तारीख आणि सही असे पाच रकाने आखून घ्यावेत. मूळ आकडा खोडरबराने किंवा पांढऱ्या शाईने झाकू नये, त्यावर एक रेघ ओढावी. जेथे मोजणी झाली नाही तेथे 'निरंक' न लिहिता 'मोजले नाही' असे स्पष्ट लिहावे. यंत्र हलवले, झाड तोडले, मोजपात्र फुटले, तर त्याची नोंद जडसंग्रहाबरोबर याच वहीच्या शेवटच्या पानावरही करावी.